अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने तिथला समाज नेमका किती बदलला?

येरळाकाठ:

आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा एक संध्याकाळ माझ्याकडे आली आहे. ‘अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध’ हा विषय मी हौसेने स्वतःच मागून घेतला आणि आता त्यातच अडकलो आहे. शाळेत हा धडा आपण सर्वांनी वाचला आहे. बोस्टनच्या बंदरात फेकलेल्या चहाच्या पेट्या, प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही ही घोषणा, १७७६ चा जाहीरनामा, सेनापती वॉशिंग्टन, १७८३ चा पॅरिसचा तह, आणि पान उलटले की लगेच फ्रेंच राज्यक्रांती. माझा प्रश्न या दोन धड्यांच्या मधल्या कोऱ्या जागेविषयी आहे. इंग्लंडच्या राजाची सत्ता गेली हे समजले. परंतु आठ वर्षे चाललेल्या या युद्धानंतर तिथल्या शेतकऱ्याच्या, कुळाच्या, गुलामाच्या आणि घरातल्या बाईच्या आयुष्यात काय फरक पडला?

हे विचारण्यामागे एक स्थानिक कारणही आहे. बेचाळीसच्या चळवळीशी काहीच संबंध नाही असे घर आमच्या भागात शोधावे लागते. पहिल्या रांगेत बसणारी वयस्कर मंडळी जगातले कोणतेही स्वातंत्र्ययुद्ध सांगली जिल्ह्यातल्या प्रतिसरकारच्या, म्हणजे भूमिगतांनी चालवलेल्या समांतर राज्यकारभाराच्या, तागडीत घालूनच पाहणार, आणि ‘लढाई राहू द्या, गावात काय बदललं ते सांगा’ असे भर सभेत विचारणार, याची मला खात्री आहे. माझे स्वतःचे आतापर्यंतचे मत असे की तिथे केवळ वरचे मालक बदलले. लंडनचे गेले आणि बोस्टन-व्हर्जिनियाचे आले. हे मत चुकीचे असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावे, ही विनंती.

माहुलीकर:

दुरुस्तीच मागितली आहे, तर पहिली इथूनच करतो. प्रतिसरकार चालले १९४३ ते १९४६ या काळात, आणि तेव्हा सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते आणि सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. साताऱ्याचा माणूस म्हणून मी हे अंमळ आवेशाने सांगत आहे हे खरे; पण आपली पहिली रांग ही चूक पकडल्याशिवाय राहणार नाही.

आता मूळ प्रश्न. ‘केवळ मालक बदलले’ हे अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे जमिनीत सापडते. चाळीस वर्षे इतिहास शिकवूनही ही बाजू मला निवृत्तीनंतरच नीट उमगली, कारण पाठ्यपुस्तकात तिला जागाच नव्हती.

व्हर्जिनियात मोठ्या जमीनदारांच्या मालमत्तेवर असे बंधन घालता येत असे की ती जमीन विकायची नाही, तोडायची नाही, ती पिढ्यान्पिढ्या ठरलेल्या वारसाकडेच जायची. आपल्याकडच्या श्रोत्यांना हे समजावण्यासाठी ‘वतन’ हा एक शब्द पुरेसा आहे. वतनदार कर्जात बुडाला तरी वतन बाहेर जात नसे, तसाच हा प्रकार. ही बांधणी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने जेफरसन यांच्या पुढाकाराने १७७६ मध्येच, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना, मोडीत काढली. मृत्युपत्र न करता बाप वारला तर सगळी जमीन थोरल्या मुलाला, हा नियमही तिथे १७८५ मध्ये गेला आणि मुलांचे समान वाटे सुरू झाले. न्यू इंग्लंडमध्ये सगळी जमीन थोरल्याला देण्याची चाल नव्हती, पण त्याला दुप्पट वाटा मिळत असे. तोही पुढे गेला. लढाईच्या गोष्टीत हे कायदे कुणी सांगत नाही, कारण त्यात ना घोडा आहे ना तलवार. तरीही आमच्यासारख्या फेरफार आणि वाटणीपत्रात आयुष्य गेलेल्या लोकांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. आपल्याकडे परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर. तिथे वतनासारखी ही गाठ तह होण्याच्या सात वर्षे आधीच सुटली होती.

दुसरी बाजू कुळांची. न्यूयॉर्कच्या हडसन नदीकाठी विस्तीर्ण जहागिरी होत्या आणि त्यांवर खंड भरणारी कुळे होती. त्यांपैकी फिलिप्स घराण्याने राजाची बाजू घेतली, म्हणून १७७९ मध्ये त्यांची जहागीर सरकारजमा झाली आणि पुढे तुकड्यातुकड्याने विकली गेली. अनेक तुकडे तिथल्या जुन्या कुळांनीच घेतले. त्याच नदीकाठचे लिव्हिंग्स्टन घराणे स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले, म्हणून त्यांची जहागीर शाबूत राहिली आणि त्यांची कुळे कुळेच राहिली. याच कुळांनी १७७७ मध्ये मालकाच्या विरोधात, म्हणजे ओघानेच राजाच्या बाजूने, उठाव करून पाहिला होता आणि तो चिरडला गेला. हडसनच्या काठावर खंडाविरुद्धचा लढा १८४० च्या दशकातही चालूच होता. कसेल त्याची जमीन असे तत्त्व तिथे कुणी ठरवले नव्हते. मालक कोणत्या बाजूला गेला, यावर कुळाचे नशीब ठरले.

राजाच्या बाजूचे सुमारे साठ हजार लोक देश सोडून गेले. तेव्हाची एकूण लोकसंख्या सुमारे पंचवीस लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या एकट्या सांगली जिल्ह्याहून कमी. चाळीसेक माणसांमागे एक माणूस कायमचा उठून गेला, असे सभेत सांगा; आकडा अंगावर येतो. बहुतेक लोक कॅनडाकडे गेले आणि त्यांच्यासाठी १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक हा नवा प्रांतच काढावा लागला.

धर्माविषयी थोडक्यात. चर्चसाठी सक्तीचा कर व्हर्जिनियात १७८६ च्या कायद्याने बंद झाला, मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र १८३३ पर्यंत रेंगाळला. पदव्यांविषयीही तसेच. नव्या राज्यघटनेने सरदारकीच्या पदव्यांना बंदी घातली खरी, पण १७८३ मध्ये सैन्याधिकाऱ्यांनी स्वतःची एक संस्था काढली आणि तिचे सभासदत्व वडिलांमागे थोरल्या मुलाकडे जाईल असा नियम केला. त्यावर तेव्हा मोठा गदारोळ झाला. दारातून बाहेर काढलेला थोरला मुलगा खिडकीतून पुन्हा आत आला.

कीर्दखतावणी:

माहुलीकर सरांनी जमिनीची बाजू मांडली. मी सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीत आयुष्य घालवलेला इस्लामपूरचा माणूस असल्यामुळे मला या युद्धात पहिल्यांदा कागद दिसतो. माझ्या मते समाजातला सर्वांत खोल बदल कर्जाच्या आणि रोख्यांच्या मार्गाने झाला, आणि तो सुखाचा नव्हता.

युद्ध चालवण्यासाठी त्यांच्या काँग्रेसकडे कर बसवण्याचा अधिकार नव्हता, म्हणून १७७५ पासून नोटा छापल्या. १७८० मध्ये सरकारनेच कबूल केले की चाळीस कागदी डॉलरला एक नाण्याचा डॉलर धरावा, आणि पुढच्या वर्षभरात त्या नोटांना काही किंमतच उरली नाही. ज्या शेतकऱ्याने सैन्याला धान्य दिले, ज्या सैनिकाने थंडीत पहारा केला, त्यांच्या हाती या नोटा किंवा ‘पुढे पैसे देऊ’ असे लिहिलेले रोखे आले. सैनिक घरी परतला तेव्हा शेत पडीक होते, दुकानदाराची उधारी थकली होती आणि खिशात हा कागद होता. तो त्याने मिळेल त्या भावाने विकला. घेणारे शहरातले, हातात रोकड असलेले लोक होते.

मग मॅसॅच्युसेट्सने युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी जबर कर बसवले आणि ते नाण्यातच भरा असे सांगितले. नाणे तर गावात नव्हतेच. १७८६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थहॅम्प्टनला शेतकऱ्यांनी कोर्ट भरूच दिले नाही, कारण कोर्ट भरले की जप्तीचे हुकूम निघणार हे त्यांना ठाऊक होते. या उठावातल्या एका पुढाऱ्याच्या नावाने तो पुढे ओळखला गेला. तो डॅनियल शेज, स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन राहिलेला माणूस. २५ जानेवारी १७८७ रोजी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल करून गेलेल्या या जमावावर तोफा डागल्या गेल्या आणि चार जण ठार झाले. सावकाराचे खत जाळण्याचा आपल्याकडचा १८७५ चा सुप्याचा प्रसंग आठवून पाहा. फरक इतकाच की तिथले सावकारही स्वतःला त्याच स्वातंत्र्याचे शिलेदार म्हणवत होते. १७८७ च्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिण्यासाठी जी मंडळी जमली, त्यांच्या मनातून हा उठाव गेलेला नव्हता.

१७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी ठरवले की जुने रोखे पूर्ण दर्शनी किमतीने फेडायचे, आणि पैसे रोखा आज ज्याच्या हातात आहे त्यालाच द्यायचे. प्रतिनिधिगृहातले मॅडिसन यांनी सुचवले की मूळ सैनिकालाही त्यातला वाटा मिळावा. तो ठराव ३६ विरुद्ध १३ मतांनी पडला. हिशेबाच्या दृष्टीने हॅमिल्टन यांचे बरोबर होते, हे मी व्यवसायाने मान्य करतो. खरेदीदाराचा हक्क मोडला असता तर पुढे सरकारी रोख्याला बाजारात कुणी उभे केले नसते. तरीही तो आकडा वाचताना मला आमच्या आजोबांची आठवण होते.

आजोबा भूमिगतांची निरोपांची ने-आण करत. नावाचे वॉरंट कधी निघाले नाही, कारण ते कधी सापडलेच नाहीत. आणि १९७२ ची सन्मान निवृत्तिवेतन योजना आली तेव्हा सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा कागदी पुरावा मागितला गेला. शिवाय वार्षिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत असल्याचे दाखवायचे होते. ती अट १९८० मध्ये निघाली. आजोबांचा अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरला आणि शेवटी कापडी पिशवीत परत आला. ती पिशवी अजून आमच्या फडताळात आहे. सोबतच्या दोघांना ताम्रपट मिळाले, आणि त्यांच्या सत्काराला आजोबा नवा फेटा बांधून गेले होते.

अमेरिकेत नेमके हेच घडले. १८१८ मध्ये, म्हणजे तहानंतर पस्तीस वर्षांनी, गरजू सैनिकांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. अर्जांचा पूर आल्यावर १८२० मध्ये प्रत्येक म्हाताऱ्याने कोर्टात जाऊन आपल्याकडची चीजवस्तू लिहून द्यावी असे ठरले. जोसेफ प्लम मार्टिन नावाचा सैनिक पंधरा वर्षांचा असताना भरती झाला आणि युद्ध संपेपर्यंत राहिला. त्याने आपली मालमत्ता म्हणून दोन गायी, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर इतकेच सांगितले. गरिबीची अट निघाली ती १८३२ मध्ये. येरळाकाठ, आपल्या पहिल्या रांगेला हे सांगा. लढाईपेक्षा हे त्यांना जवळचे वाटेल.

मिरजेचा वाटसरू:

कीर्दखतावणी यांचा प्रतिसाद वाचून थांबलो होतो. तरी एक मतभेद नोंदवतो. प्रतिसरकारशी ही तुलना मुळातच बसत नाही. क्रांतिसिंह नाना पाटील सत्यशोधक चळवळीतून आलेले होते, आणि गांधीविवाह, दारूबंदी, गावातच न्याय देणारी न्यायदान मंडळे, सावकारांना आणि गुंडांना जरब, ही सगळी कामे लढा चालू असतानाच, किंबहुना लढ्याचा भाग म्हणून, चालली होती. हुंडा, मानपान आणि कर्ज काढून केलेल्या जेवणावळी टाळून हारांनी लग्न लावणे हे इंग्रजांना हाकलण्याशी थेट संबंधित नव्हते. तरीही शेणोलीची रेल्वे लुटणाऱ्या लोकांनाच ते तितकेच महत्त्वाचे वाटले. अमेरिकेत जे बदलले ते युद्धाच्या ओघात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना बदलले.

माहुलीकर:

मिरजकरांशी मी निम्मा सहमत आहे. ‘कुणाच्या ध्यानीमनी नसताना’ हे व्हर्जिनियातल्या वारसाकायद्यांना लागू होत नाही. ते जाणीवपूर्वक केलेले होते. तथापि त्या समाजाचा जो सर्वांत मोठा प्रश्न होता, तो त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवला, हेही तितकेच खरे. गुलामगिरीविषयी माझ्यापेक्षा नेटके लिहिणारे इथे आहेत, म्हणून थांबतो.

मेणवली:

सरांचा रोख माझ्याकडे असावा, म्हणून लिहिते. वाईच्या महाविद्यालयात मी काही वर्षे हा विषय शिकवला आहे. सुरुवात मात्र एका शर्टापासून करते.

१७८० मध्ये फिलाडेल्फियात एस्थर रीड या बाईंच्या पुढाकाराने स्त्रियांनी घरोघरी फिरून सैनिकांसाठी वर्गणी जमा केली. परक्याच्या दारात उभे राहून पैसे मागणे हे तेव्हाच्या घरंदाज बाईला शोभणारे मानले जात नव्हते. कागदी चलनात तीन लाख डॉलर जमले. प्रत्येक सैनिकाच्या हातावर थेट नाणे ठेवावे, म्हणजे ते सरकारी पगाराहून वेगळे दिसेल, अशी बायकांची इच्छा होती. वॉशिंग्टन यांनी नको म्हटले. नाण्याची दारू होईल आणि नाण्याची चव लागली की घसरलेल्या नोटांत मिळणाऱ्या पगारावरचा असंतोष वाढेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी शर्ट मागितले. त्याच वर्षी एस्थर रीड वारल्या, आणि बेंजामिन फ्रँकलिन यांची कन्या सारा बाख यांनी काम पुढे नेले. कापड आणले, शिंप्याचे पैसे वाचवण्यासाठी बायकांनी स्वतः शिवले आणि दोन हजारांवर शर्ट सैन्याकडे पाठवले. प्रत्येक शर्टावर तो शिवणारीचे नाव होते. ज्या देशात लग्न झालेल्या बाईच्या नावावर कायद्याने घर, शेत, मजुरी काहीही राहत नव्हते, तिथे अनोळखी सैनिकाच्या अंगावर तिचे नाव गेले. माझे विद्यार्थी सगळ्या लढाया विसरले तरी हे विसरत नसत.

पण पुढे काय झाले, ते पाहा. न्यू जर्सीच्या १७७६ च्या राज्यघटनेत पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशांना’ मत होते, आणि त्या शब्दांच्या आधारे अविवाहित व विधवा स्त्रिया तिथे खरोखर मत देत होत्या. विवाहितेकडे मालमत्ताच नसल्यामुळे ती आपोआप वगळली गेली. १८०७ मध्ये कायदा करून स्त्रियांचे आणि काळ्या पुरुषांचे मत काढून घेतले. एकदा मिळालेला हक्क परत जाऊ शकतो, हे मला या युद्धाच्या इतिहासातले सर्वांत बोचरे पान वाटते. ॲबिगेल ॲडम्स यांनी मार्च १७७६ मध्ये पतीला, म्हणजे जॉन ॲडम्स यांना, नवे कायदे करताना स्त्रियांना विसरू नका असे लिहिले होते. उत्तरात त्यांनी ते हसण्यावारी नेले. कीर्दखतावणी यांच्यासाठी एक पुरवणी: याच ॲबिगेल बाईंनी पुढे घसरलेले सरकारी रोखे विकत घेऊन चांगला नफा मिळवला, आणि कायद्याने नवऱ्याचा असलेला तो पैसा त्या स्वतःचा मानत राहिल्या. त्या रोख्यांच्या पलीकडच्या टोकाला एखादा मार्टिन असणारच.

आता गुलामगिरी. पंचवीस लाखांतले सुमारे पाच लाख लोक गुलाम होते. १७७५ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर याने जाहीर केले की बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्याकडे येऊन लढतील ते मुक्त होतील. राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना ही सवलत नव्हती. माहुलीकर सरांनी कुळांविषयी जे सांगितले, तेच इथे पुन्हा दिसते. दुसऱ्या बाजूने सुमारे पाच हजार काळे सैनिक लढले. युद्धानंतर उत्तरेकडे गुलामगिरी हळूहळू संपू लागली, मात्र ‘हळूहळू’ या शब्दाकडे लक्ष असू द्यावे. पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा आज गुलाम असलेल्याला सोडत नाही. पुढे जन्मणाऱ्या मुलाला सोडतो, आणि तेही वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. मॅसॅच्युसेट्समध्ये गोष्ट वेगाने झाली, कारण तिथे बेट नावाची गुलाम बाई १७८१ मध्ये कोर्टात गेली. राज्याच्या नव्या घटनेत सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचे लिहिले आहे, आणि मीही माणूसच आहे, असा तिचा साधा दावा होता. ती जिंकली आणि तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. १७९० च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या रकान्यात एकही गुलाम नाही. मात्र त्याच जनगणनेत देशभरातले गुलाम सुमारे सात लाख आहेत. युद्धापूर्वीपेक्षा दोन लाखांनी जास्त. १७९३ मध्ये कापसाची सरकी काढणारे यंत्र आले आणि दक्षिणेत तो आकडा पुढे वाढतच गेला.

मूळच्या रहिवाशांविषयी इथे कुणी लिहिले नाही, म्हणून एवढेच नोंदवते. पॅरिसच्या तहात त्यांचा उल्लेखही नाही. इरोक्वॉय संघातल्या सहा जमातींपैकी काही इंग्रजांकडे गेल्या आणि ओनायडा अमेरिकनांच्या बाजूने लढल्या; १७७९ मध्ये अमेरिकन सेनापती सलिव्हन यांच्या फौजेने इरोक्वॉयांची चाळीस गावे उभ्या पिकांसह जाळली. न्यूयॉर्क राज्याने साध्या सैनिकाला बक्षीस म्हणून जी सहाशे एकर जमीन दिली, ती याच लोकांची होती. बाजू ‘बरोबर’ निवडलेल्या ओनायडांचीही बहुतेक जमीन पुढे गेली. म्हणजे मालकाची बाजू पाहून कुळाचे ठरले, हा सरांचा नियम इथे चालत नाही; इथे बाजू कोणतीही घेतली तरी निकाल एकच होता.

मिरजकरांना एक प्रश्न. इंदुताई पाटणकर आणि हौसाताई पाटील ही नावे आपण अभिमानाने घेतो; पण रात्री-अपरात्री भूमिगतांसाठी चूल पेटवणाऱ्या किती बायकांची नावे आपल्याकडे कुठे लिहिलेली आहेत? त्या शर्टांवर निदान नाव तरी होते.

येरळाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. केवळ मालक बदलले हे माझे म्हणणे मी मागे घेतो. सांगली जिल्ह्याची चूकही टिपणवहीत लाल शाईने दुरुस्त केली आहे. मेणवलीताईंच्या प्रश्नाने मात्र अस्वस्थ झालो. आमच्या आजीने बाजरीच्या कणगीत काडतुसे लपवल्याची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे, पण ती कुठेही लिहिलेली नाही. व्याख्यानाआधी ती तरी माझ्या वहीत उतरवून ठेवतो.

एक शेवटची शंका. डनमोरच्या जाहीरनाम्यानंतर आणि पुढेही जे गुलाम इंग्रजांकडे पळाले, त्यांचे युद्धानंतर काय झाले? तहात इंग्रजांनी त्यांना परत करावे अशी अट होती असे वाचल्याचे आठवते.

मेणवली:

अट होती, आणि स्वतः वॉशिंग्टन यांनी १७८३ मध्ये इंग्रज सेनापती कार्लटन यांच्याकडे तिचा आग्रह धरला. कार्लटन यांनी नकार दिला. आम्ही त्यांना स्वातंत्र्याचा शब्द दिला आहे, तो मोडणार नाही, हवी तर पुढे भरपाईची बोलणी करता यावीत म्हणून यादी ठेवतो, अशी त्यांची भूमिका होती. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर जहाजात चढणाऱ्या सुमारे तीन हजार काळ्या स्त्री-पुरुष-मुलांची ती नोंदवही आजही उपलब्ध आहे. नाव, वय, शरीराचे वर्णन, पूर्वी कुणाची मालमत्ता, पळून किती वर्षे झाली, असे रकाने आहेत. मालकाच्या भरपाईसाठी लिहिलेली वही शेवटी पळून गेलेल्यांच्या सुटकेचा दाखला ठरली.

त्यात एक नोंद हॅरी वॉशिंग्टन याची आहे. वय ४३, धट्टाकट्टा, पूर्वी जनरल वॉशिंग्टन यांची मालमत्ता, सात वर्षांपूर्वी त्यांना सोडून आला. तो नोव्हा स्कोशियाला गेला. तिथली जमीन खडकाळ होती आणि गोऱ्या शेजाऱ्यांचा जाच होता. १७९२ मध्ये सुमारे बाराशे जणांबरोबर तो आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला, आणि त्यांनी फ्रीटाऊन वसवले. जमीन फुकट मिळेल असे त्यांना सांगण्यात आले होते. पोहोचल्यावर तिथल्या इंग्रज कंपनीने जमिनीवर सारा बसवला. १८०० मध्ये या वसाहतवाल्यांनी त्या साऱ्याविरुद्ध बंड केले. जनरल वॉशिंग्टन यांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. बंड मोडले, आणि हॅरीला त्यात भाग घेतल्याबद्दल नदीपलीकडे बुलोम किनाऱ्यावर हद्दपार करण्यात आले.